रिकामी न परतणारी वाटी

सिंदखेडराजाला येणाऱ्या पाहुण्याला गावकरी सर्वप्रथम लखुजी जाधवांचा राजवाडा दाखवतात. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म येथे झाला, म्हणून ही भूमी अवघ्या महाराष्ट्राला वंदनीय आहे. परंतु त्याच घराण्याची दुसरी एक हकीकत 'शिवभारता'त आणि बखरींत येते, ती या वाड्यासमोर उभे राहून सहसा कोणी सांगत नाही. निजामशाही दरबार संपून सरदार बाहेर पडत असता खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्याच्या गडबडीत जाधव आणि भोसले एकमेकांवर धावून गेले. लखुजींचा पुत्र दत्ताजी मारला गेला. सूडाने पेटलेल्या लखुजींनी भोसल्यांच्या संभाजीला ठार केले आणि या झटापटीत प्रत्यक्ष जावई शहाजीराजेही जखमी झाले. एक जनावर बिथरले आणि दोन व्याही घराणी दुभंगली. माहेर आणि सासर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या जिजाऊंच्या मनाचे काय झाले असेल, हे बखरकाराने लिहिले नाही.

याच तालुक्यातील साखरखेर्ड्याला १७२४ साली निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला, मुबारिझखान पडला आणि हैदराबादच्या निजामी राज्याचा पाया घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवण्यात आले. गावकऱ्यांनी मात्र आपले साखरेचे नाव सोडले नाही. आम्हांला ही गोष्ट फार आवडते. विजेत्याचे नाव कागदावर राहिले आणि तोंडी गोडवाच राहिला.

इतिहास हत्तींचा आणि लढायांचा लिहिला जातो, वाट्यांचा लिहिला जात नाही. वाटी म्हणजे शेजारणीने पदराखाली झाकून आणलेली वाटी. तिच्यात कधी नव्या ज्वारीच्या कण्या, कधी पुरणाचा घास, कधी नुसते विरजण. आमच्या वऱ्हाडात असा दंडक आहे की आलेली वाटी रिकामी परत करू नये. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर, तीही नसेल तर चार दाणे घालावेत. या दंडकामुळे देणेघेणे कधीच मिटत नाही. नेहमी कोणाची तरी वाटी कोणाच्या तरी घरी असते. सावकाराच्या वहीत बाकी राहिली की भांडण होते. शेजारणीची बाकी राहिली की नाते टिकते. १८७० साली निघालेले लायलसाहेबांचे वऱ्हाडचे गॅझेटियर आणि १९१० चे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर आम्ही चाळले आहे. जाती, पिके, बाजार, सारा यांची माहिती त्यांत भरपूर आहे. सारा बुडवणाऱ्याचा पत्ता सरकारला हवा होता. वाटी फिरवणारीचा पत्ता त्यांना कशाला हवा असणार?

वाटीसारखीच दुसरी चाल इर्जिकीची. एखाद्याचा बैल मेला, कोणी आजारी पडला, विधवेची पेरणी अडली, तर गावातील औते एका दिवशी तिच्या शेतात उतरत आणि सांजेपर्यंत काम उरकत. मोबदला म्हणून एक जेवण. सावड ही तिची धाकटी बहीण: आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. बलुत्याच्या व्यवस्थेत मुलाणी हाही एक हक्कदार होता आणि खळ्यावर त्याचा वाटा कुणब्याच्या राशीतून निघे. लग्नघरी चुडा भरायला मण्यार येई. परक्या पुरुषाने नवरीचा हात हाती धरावा, असे आपल्या समाजात दुसरे प्रसंग किती? पण तो गावाच्या नात्याने कोणाचा मामू, कोणाचा चाचा असे, आणि नवरीच्या डोळ्यांत पाणी आले तर बांगडी रुतली की माहेर सुटते आहे, हे त्याला बरोबर कळे.

तथापि हे चित्र येथेच थांबवले तर आम्ही वाचकांशी अप्रामाणिक ठरू. जुन्या गावाचे गोडवे गाणाऱ्या लेखांचा आम्हांला अलीकडे कंटाळा आला आहे. ज्या गावात इर्जीक होती त्याच गावात पोळ्याला तोरणाखालून कोणाची जोडी आधी जाणार यावरून डोकी फुटत. मानापानाचे ते तंटे पिढ्यानपिढ्या चालत. आणि वाटी सर्वत्र फिरत नव्हती. ती महारवाड्याच्या अलीकडे थांबे. पलीकडे जाई ते उष्टे, किंवा वरून ओतलेले. पाणी मागणाऱ्याने ओंजळ धरायची आणि देणाऱ्याने उंचावरून धार सोडायची, ही रीत आम्ही लहानपणी आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. पाणी दिले जात होते, तहान भागत होती; शेजारधर्म मात्र होत नव्हता. वाटी परत येण्याची वाट जेथे बंद आहे तेथे फार तर दान होते. दान करणाऱ्याचे मन मोठे असेल, परंतु घेणाऱ्याची मान खालीच राहते.

म्हणूनच जोतीराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला, ती घटना आम्हांला अनेक सभांपेक्षा मोठी वाटते. हौद घरचा, अंगणातला. तेथे पाणी भरायला आलेली बाई आपले भांडे आपल्या हाताने बुडवू शकत होती. या जोतीरावांचे चरित्र १९२७ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे पंढरीनाथ सीताराम पाटील हे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे, याचा जिल्ह्याला पुरेसा अभिमान नाही अशी आमची तक्रार आहे. योगायोग असा की त्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. वऱ्हाडातील सत्यशोधक मंडळींच्या घरी तेव्हा या दोन्ही वार्तांची चर्चा झाली असेल.

शेगावच्या गजानन महाराजांविषयी भाविक एक कथा सांगतात. १८७८ साली ते शेगावी प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचताना, हे सर्वश्रुत आहे. दुसरी कथा अकोलीच्या शिवारातील भास्कर पाटलाची. तळपत्या उन्हात महाराजांनी त्याला पाणी मागितले. घाम गाळून डोक्यावरून आणलेले पाणी या रिकामटेकड्याला का द्यावे, असे म्हणून त्याने नकार दिला. पुढे जवळच्या कोरड्या विहिरीला पाणी लागले आणि भास्कराचा गर्व उतरला. चमत्काराविषयी बोलणे हा आमचा अधिकार नाही. पण लोकांनी ही कथा शतकभर जपली. नाकारलेल्या पाण्याची लाज एका अख्ख्या प्रांताला वाटत राहिली, हेही काही कमी नाही. आमच्या पवित्र शास्त्रातही थकलेला प्रभू याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो आणि ती चकित होते. योहानाच्या शुभवर्तमानातील त्या जागी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ काही भाष्यकार असा लावतात की यहुदी व शोमरोनी एकमेकांची भांडी वापरत नसत. सेमिनरीत हा अर्थ शिकताना आम्ही तो वहीत लिहून घेतला. त्याचा उपयोग कोठे होईल हे पुढे कळायचे होते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर जिल्ह्यातील हजारो कुटुंबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि वरून ओतलेले पाणी नाकारले. गावकीच्या दृष्टीने ती मोठी फूट होती. आमच्या मते जुनी फूट त्या दिवशी फक्त उघडी पडली. १९७२ च्या सुमारास बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढली, तेव्हा स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे होऊनही खेड्यापाड्यांतील पाणवठे कसे विभागलेले आहेत हे महाराष्ट्राला दिसले. ती दुष्काळाची वर्षे होती. खडी फोडणारे हात सर्व जातींचे होते आणि सुकडीची रांग एकच होती, पण पिण्याच्या पाण्याची रांग कितीतरी ठिकाणी वेगळीच राहिली. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार भरली. तीत दर सात माणसांमागे साधारण एक बौद्ध आणि एक मुसलमान आहे. म्हणजे शेजार निवडण्याची सोय येथे कोणालाच नाही.

आता १९४८ कडे वळू. बुलढाणा हा वऱ्हाडचा, म्हणजे पूर्वी ब्रिटिश अमलाखाली असलेला सीमाजिल्हा. त्याच्या दक्षिणेला लागून निजामी राज्याचे औरंगाबाद व परभणी हे जिल्हे. सीमा कागदावर होती; लेकीबाळी दोन्हीकडे दिलेल्या होत्या, बाजार दोन्हीकडचे लोक करत. रझाकारांचा जुलूम वाढला तशी तिकडची माणसे गाठोडी घेऊन वऱ्हाडात आली आणि नातलगांच्या, ओळखीच्यांच्या ओसऱ्यांवर राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाची सत्ता संपली. त्यानंतर जे घडले ते आपल्या पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षे आले नाही. रझाकारांच्या पापाचा सूड, ज्यांचा त्या पापाशी काहीही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे एक मंडळ हैदराबाद राज्यात पाठवले. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून सुमारे तीन आठवडे ते हिंडले. त्यांचा अहवाल कित्येक दशके दडून राहिला आणि २०१३ साली दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना खुला झाला. मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी, असा अंदाज त्यात आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांची अवस्था सर्वांत वाईट होती.

हा अहवाल वाचताना मन सुन्न होते. परंतु त्याच्या शेवटाकडे काही ओळी आहेत, त्यांनी आम्हांला या लेखाला प्रवृत्त केले. मंडळाने नोंदवले आहे की अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना, बायकापुरुषांना, आश्रय दिला आणि प्रसंगी त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. काही व्यवसायांत हा बंधुभाव विशेष दिसला. विणकरांचे उदाहरण त्यांनी दिले आहे. हिंदू विणकरांनी हिंदू जमावाविरुद्ध उभे राहून मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्याची जबर किंमत मोजली. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्याच्या कामीही अनेक हिंदूंनी मदत केली.

त्या विणकरांची नावे अहवालात नाहीत. ते कोष्टी होते, साळी होते, आणखी कोणी होते, हेही कळत नाही. विणकरच का, हा प्रश्न आम्हांला सोडत नाही. आमचा तर्क असा. विणकराचे काम एकट्याने होत नाही. ताणा पसरायला दोन्ही टोकांना माणूस लागतो. सूत संपले की शेजारच्या मागावरून उसने आणावे लागते. पावसाळ्यात माग थांबला की दोघांचाही थांबतो, आणि व्यापारी भाव पाडतो तेव्हा दोघांच्याही घरची चूल विझते. त्यांच्या वाट्या वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरी पडून होत्या. काठ्या घेऊन जमाव आला तेव्हा त्या विणकरांनी कोणता सिद्धान्त आठवला असेल असे आम्हांला वाटत नाही. दारात जमाव उभा होता आणि आत सूत उसने देणारा माणूस लपला होता, एवढेच.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी १९५० ते १९९५ या काळातील हिंदू-मुसलमान दंगलींचा अभ्यास करून २००२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की केवळ शेजारपाजाऱ्यांचे सलोख्याचे संबंध शहरात पुरे पडत नाहीत; दंगल पेटवणारे संघटित असतील तर शेजार कोसळतो. जेथे दोन्ही समाजांचे लोक एकाच व्यापारी मंडळात, कामगार संघटनेत, पक्षात, वाचनालयात एकत्र असतात तेथेच शांतता टिकते. त्यांनीच हेही दाखवले आहे की त्या काळातील दंगलबळींपैकी खेड्यांतील बळी शेकडा चारांपेक्षाही कमी होते. म्हणजे खेड्यात वाटी पुरते, शहरात पुरत नाही. भिवंडीचा अनुभव याला दुजोरा देतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या यंत्रमागांच्या शहरात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे ठरावीक दिवशी एकत्र बसू लागली. गटार, नळ, चोऱ्या यांवर बोलू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये आणि त्यानंतर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. येथेही विणकरच, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. आक्षेप आम्ही मान्य करतो. मात्र गटारावर बोलायला माणसे एकत्र बसतात ती आधी कोणाच्या तरी ओसरीवर बसतात, एवढी पुरवणी आम्ही त्यास जोडू.

जिल्ह्यातील पिंपळगाव सराईजवळचा सैलानी दर्गा या संदर्भात नेहमी सांगितला जातो. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. सुफी संताच्या दारी नारळांची होळी पेटते आणि सर्व धर्मांचे लोक येतात. मनोरुग्णांना तेथे आणून जे उपचार केले जातात ते आम्हांला मुळीच मान्य नाहीत, आणि अशा माणसांची जागा डॉक्टरांकडे आहे हे आम्ही आमच्या लोकांना वारंवार सांगतो. पण दुःखाच्या त्या रांगेत कोणी कोणाला जात विचारत नाही, हेही खरे. तरीही यात्रेतला सलोखा चार दिवसांचा असतो. आमचे लक्ष उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांकडे आहे.

शेवटी आमच्याविषयी, कारण दुसऱ्यांच्या भिंती मोजणे सोपे असते. वऱ्हाडात ख्रिस्ती समाज लहान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचे लोक येथे आले आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात त्यांनी अकोला-खामगाव भागात अनाथ मुलांना आसरा दिला. कॅथलिकांचे स्वतंत्र अमरावती धर्मप्रांत १९५५ साली झाले. संख्येने मूठभर असूनही आपण पंथापंथांत किती विभागलेले आहोत हे खेड्यात राहणाऱ्यालाच कळते. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती ऐक्याविषयीचा हुकूमनामा काढला. तो आमच्या कपाटात होता.

साधारण वीस वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची नेमणूक झाली. आमच्या मागील भिंतीपलीकडे बांगड्या विकणारी एक वृद्ध मुसलमान बाई राहत असे. पहिल्या ईदेला तिने जर्मनच्या वाटीतून शिरखुर्मा पाठवला. आम्ही तो खाल्ला. वाटी धुऊन फळीवर ठेवली आणि विसरलो. सहासात महिने ती वाटी तेथे होती. त्या काळात आम्ही शोमरोनी स्त्रीवर आणि भांड्यांवर एक विद्वत्तापूर्ण प्रवचनही दिले. पुढे एका मिरवणुकीवरून गावात दगडफेक झाली, जमावबंदी लागली, स्वयंपाकी आपल्या गावी अडकला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरून हाक आली. एका फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा. आम्ही ओशाळून वाटीचे बोलू लागलो तर ती म्हणाली, "वाटी कोठे पळून जाते फादर? आधी खाऊन घ्या." त्या नाताळात आम्ही वाटीत करंज्या घालून ती स्वतः नेऊन दिली. भिंतीवरून नव्हे, रस्त्याने, दारातून. ती बाई आता हयात नाही.

त्याच गावी दुसऱ्या एका पंथाच्या मंडळीशी आमचा कबरस्तानाच्या हद्दीवरून दावा चालू होता. दोन पुरुषांचे अंतर असलेली पट्टी. त्यांच्या पाळकांच्या घराची पायरी आम्ही दोन वर्षांत चढलो नव्हतो. एका पावसाळ्यात त्यांच्याकडील म्हातारे गृहस्थ वारले. नाल्याला पूर असल्याने कबर खोदणारे पलीकडे अडकले. निरोप कोणी दिला हे आम्हांला आजही माहीत नाही. रात्री आमची चार पोरे कंदील घेऊन गेली आणि पहाटेपर्यंत खोदत राहिली. वाद असलेल्या पट्टीतच खोदली, हे आम्हांला सकाळी कळले. आम्ही थोडे चिडलो, हे कबूल करतो. वकिलाने तर कपाळाला हात लावला. दोन नोव्हेंबरला आम्ही आमच्या मृतांच्या कबरी साफ करायला गेलो तेव्हा त्यांची बाजू झाडलेली होती आणि आमचीही.

आमची बदली होऊन बरीच वर्षे झाली. दावा अजून मिटलेला नाही; तारखांवर तारखा पडतात. तिकडून येणारे सांगतात की तारखेच्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसे एकाच काळी-पिवळीत बसून कोर्टाला जातात आणि येताना भाडे कोणी द्यायचे यावर भांडतात.